खानदेशांतील साधना आणि नात्यांतला भरंवसा

साधना म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें एकांत उभा राहतो. गुहा, नदीकांठचा घाट, मिटलेले डोळे, आणि संसारांतून हळूहळू सुटत चाललेला एक मनुष्य, असेंच तें चित्र असतें. नातीं हीं बंधनें आणि साधना ही त्यांतून सुटण्याची वाट, हा सिद्धांत आमच्या कीर्तनकारांनीं इतक्या वेळां सांगितला आहे कीं त्याची शहानिशा करण्याची गरजच कोणास भासत नाहीं. अलीकडे मात्र दुसरी एक हांक ऐकूं येऊं लागली आहे. नवराबायकोचें पटत नाहीं, बापलेकांत अबोला आहे, चार माणसांत बोलावयाची भीति वाटते. तर ध्यान करा, जप करा, म्हणजे आत्मविश्वास येईल आणि नातीं आपोआप सुधारतील, असें सांगणारे उपदेशक गल्लोगल्लीं झाले आहेत. पहिला पक्ष साधनेस नात्यांचा शत्रु मानतो, दुसरा तिला नात्यांवरचें औषध मानतो. एक गोष्ट मात्र दोघांनाही मान्य आहे, ती ही कीं साधना करणारा मनुष्य एकटा असतो.

हें गृहीत कितपत टिकतें हें पाहावयाचें तर तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांपेक्षां एखाद्या मुलखाचा इतिहास अधिक उपयोगी पडेल, असें आम्हांस वाटतें. आणि त्यासाठीं आम्हीं खानदेश निवडला आहे. तापीच्या खोऱ्यांतील हा काळ्या जमिनीचा, कापसाचा आणि केळीच्या बागांचा मुलूख. १९०६ सालीं इंग्रज सरकारनें त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, एकाचें ठाणें जळगांव आणि दुसऱ्याचें धुळें. पश्चिम खानदेशाचा पुढें धुळें जिल्हा झाला, आणि १९९८ सालीं त्यांतून नंदुरबार वेगळा निघाला. आळंदी, देहू, पैठण यांच्या जोडीला या मुलखाचें नांव सहसा कोणी घेत नाहीं. तथापि भित्र्या, दुखावलेल्या किंवा हिणविलेल्या माणसाला दुसऱ्या माणसापुढें ताठ उभें राहण्याचें बळ साधनेनें कसें दिलें, याचे ठळक दाखले येथें एकामागून एक सांपडतात. आणि त्या प्रत्येक दाखल्यांत साधकासमोर दुसरें कोणी तरी बसलेलें असतें.

आरंभ मुक्ताबाईपासून करणें प्राप्त आहे. तिचा जन्म आणि बालपण खानदेशाबाहेरचें, परंतु शेवट तापीकांठचा. एदलाबादेजवळ, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरापाशीं, कोथळी आणि मेहूण हीं दोन्ही गांवें तिच्या अंतर्धानाशीं आपलें नांव जोडतात. शके १२१९ मध्यें, वादळी दिवशीं, विजेच्या लोळांत ती दिसेनाशी झाली अशी श्रद्धा आहे. जवळच तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचें जुनें देऊळ आहे. चौदाशें वर्षें जगलेला हा योगी ज्ञानदेवांस पत्र लिहावयास बसला, तेव्हां मायना ‘चिरंजीव’ असा घालावा कीं ‘तीर्थरूप’ असा, हेंच त्यास ठरवितां येईना. वयानें ज्ञानदेव पणतवंडाहून लहान, ज्ञानानें थोर. अखेरीस त्यानें कोराच कागद पाठविला, ही कथा मराठी घरांत कोणास ठाऊक नाहीं? चौदाशें वर्षांचा आंकडा इतिहास नव्हे हें सांगावयास नको. पण कथेंतील अडचण मोठी खरी आहे. एवढ्या सिद्धि हस्तगत झालेल्या योग्याला समोरच्या माणसास कोणत्या नात्यानें हांक मारावी हें कळलें नाहीं. त्याला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनीं ‘चांगदेवपासष्टी’ लिहिली, आणि चांगदेवानें गुरु केलें तें मुक्ताबाईला, त्या भावंडांतील सर्वांत धाकट्या मुलीला.

मुक्ताबाईच्या ताटीच्या अभंगांची कथाही याच जातीची आहे. लोकांच्या अपमानानें खिन्न झालेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आंत बसले, आणि बहिणीनें बाहेर उभें राहून, त्यांची विनवणी करून, त्यांस दार उघडावयास लाविलें. येथें दाराआड बसलेला मनुष्य सामान्य नाहीं. योगमार्गाचा पूर्ण ज्ञाता आहे. तरीही त्याच्या योगानें तें दार उघडलें नाहीं. बहिणीनें त्याची खोटी समजूत काढली नाहीं, कीं लोक वाईट आहेत म्हणून त्याची बाजूही घेतली नाहीं. लोकांचें बोलणें सोसणें हें साधूचें लक्षण आहे, याची आठवण तिनें त्याला दिली, आणि ती आठवण देण्याचा अधिकार तिला बहीण म्हणून होता. वारकऱ्यांच्या पंथांत भेटतांच एकमेकांच्या पायां पडण्याची जी चाल आहे, तिच्या मुळाशीं हाच भाव असावा. मुक्ताईची पालखी आषाढीस खानदेशांतून पंढरपुरास जाते. त्या लांबच्या वाटेवर म्हातारा मनुष्य आपल्या नातवाच्या वयाच्या मुलाच्या पायांस हात लावतो, आणि मुलगा त्याच्या. मायना काय घालावा हा चांगदेवाचा प्रश्न त्या लोकांना पडत नाहीं.

त्याच पूर्व खानदेशांतील दुसरी बाई म्हणजे बहिणाबाई चौधरी. जळगांवाजवळच्या आसोदा गांवीं १८८० सालीं त्यांचा जन्म झाला. बालपणींच लग्न होऊन त्या जळगांवच्या चौधरी घराण्यांत आल्या, आणि ऐन उमेदींत वैधव्य आलें. लिहितां वाचतां येत नव्हतें. शेत, चूल, जातें आणि मुलें हा त्यांचा प्रपंच. आणि याच प्रपंचांत, लेवा लोकांच्या घरगुती बोलींत, त्यांनीं गाणीं रचिलीं. या गाण्यांच्या काव्यगुणांविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे, तें आम्ही येथें पुन्हा उगाळीत नाहीं. आमचें लक्ष जात्याकडे आहे.

जात्यावरची ओवी ही साधना आहे असें म्हटलें तर पंडितांस हसूं येईल. परंतु पहांटे उठून, ठराविक जागीं बसून, ठराविक लयींत, रोज, देवाचें नांव घेणें, याला दुसरें नांव काय द्यावें? शिवाय जातें बहुधा दोघी मिळून ओढतात. एकमेकींसमोर बसून, एकाच खुंट्याला हात घालून, एकीनें ओवी सुरू करावी आणि दुसरीनें ती पुरी करावी, अशी ती रीत. आणि त्या ओव्यांतला देव तरी कसा? विठ्ठल हा तेथें बाप आहे, भाऊ आहे. रुक्मिणी भावजय आहे. पंढरपूर माहेर आहे. बारा-तेरा वर्षांची पोर परक्या घरीं येते. तिथें तिच्या बाजूनें बोलणारें कोणी नसतें, आणि माहेरची माणसें वर्षांतून एकदां दिसतात. अशा मुलीला देवाशीं जोडलेलें हें नातें म्हणजे रोज पहांटे भेटणारा पाठीराखा होता. सासूपुढें खालीं मान घालणारी मुलगी जात्यापुढें मनांतलें सर्व बोलत असे, आणि समोर बसलेली जाऊ तें ऐकत असे. बायकांत जो एकमेकींवरचा भरंवसा वाढला त्याचा मोठा भाग या दळणांतच वाढला असावा, असा आमचा तर्क आहे. पिठाची गिरणी आली, बायकांचे श्रम वांचले, हें फार चांगलें झालें. मात्र दोघींनीं समोरासमोर बसण्याची ती घडी तिच्याबरोबर गेली.

बहिणाबाईंच्या एका गाण्यांत एक योगी सासुरवाशिणीला विचारतो कीं, माहेरची एवढी थोरवी गातेस तर मग सासरीं कशाला आलीस? ती त्याला उत्तर देते, आणि त्या उत्तराचा आशय असा कीं पुढें आपल्या लेकीला माहेर मिळावें म्हणूनच आई सासरीं नांदत असते. या संवादांत योगी निरुत्तर होतो. चांगदेव आणि मुक्ताबाई यांच्या मुलखांतलेंच हें गाणें आहे हें आम्हांस विशेष वाटतें. बहिणाबाईंना ती जुनी कथा हें गाणें रचतांना आठवत होती कीं काय हें ठरविण्यास साधन नाहीं, आणि तें ठरविण्याची जरुरीही नाहीं.

हीं गाणीं राहिलीं तीं मुलामुळें. सोपानदेव चौधरी हे स्वतः कवि. त्यांनीं आणि त्यांच्या मावसभावानें आईचीं गाणीं ऐकून कागदावर उतरून ठेविलीं. ३ डिसेंबर १९५१ रोजीं बहिणाबाई वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनीं कांहींशा संकोचानेंच ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली, आणि १९५२ सालीं अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाणीं प्रसिद्ध झालीं. आईचीं घरगुती गाणीं लोकांस कशीं वाटतील ही लाज सोपानदेवांसारख्या कवीलाही होती. ऐकणारा आणि लिहून घेणारा असें जें नातें येथें दिसतें, तेंच नातें वीस वर्षें अगोदर धुळ्याच्या तुरुंगांत एका निराळ्या रीतीनें जुळलें होतें. आमच्या मतें खानदेशाच्या आध्यात्मिक इतिहासांतील तो सर्वांत मोलाचा प्रसंग होय; म्हणून त्याची पार्श्वभूमि थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे.

बोरी नदीच्या कांठीं अमळनेर आहे. सखाराम महाराजांच्या संस्थानामुळें तें वारकऱ्यांस माहीत होतें. गिरणीमुळें व्यापाऱ्यांस माहीत झालें. आणि १९१६ सालीं प्रतापशेठ यांनीं तेथें तत्त्वज्ञानमंदिर स्थापिलें तेव्हांपासून विद्वानांसही माहीत झालें. वेदान्ताचें अध्ययन आणि मनन करण्यासाठीं तरुणांस येथें राहण्याची सोय होती. पांडुरंग सदाशिव साने हे येथें आले, पण फार दिवस रमले नाहींत. १९२४ पासून ते गांवांतल्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक झाले आणि पुढें शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. कोंकणांतून आलेला हा मनुष्य स्वभावानें अत्यंत लाजरा, मोठ्यांच्या सभेंत कोपरा धरून बसणारा. मुलांमध्यें मात्र तो मोकळा होई. मुलांचे अंथरूण-पांघरूण पाहावें, त्यांचे कपडे धुवावे, आजाऱ्याजवळ बसावें, प्रार्थना म्हणावी, आणि रोज स्वहस्तें लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढावें, हा त्यांचा क्रम. तत्त्वज्ञानमंदिरांत जें मिळालें नाहीं तें त्यांना छात्रालयांत मिळालें, असें म्हणणें त्या संस्थेवर अन्याय करणारें होईल. पण साने यांचे ‘गुरुजी’ झाले ते छात्रालयांत, हें निर्विवाद आहे. १९३० सालीं नोकरीचा राजीनामा देऊन ते कायदेभंगांत उतरले, आणि त्यांचा तुरुंगवास सुरू झाला.

१९३२ च्या आरंभीं कायदेभंग पुन्हा पेटला. विनोबा भावे यांस जळगांव येथें पकडण्यांत आलें आणि सहा महिन्यांची शिक्षा देऊन धुळ्याच्या तुरुंगांत ठेवण्यांत आलें. त्या तुरुंगांत त्या वेळीं जमनालाल बजाज होते, गुलझारीलाल नंदा होते, भुसावळचे अण्णासाहेब दास्ताने होते, आणि साने गुरुजी होते. शेटजी, अर्थशास्त्री, वकील, शिक्षक, खेड्यांतले पोरगेले स्वयंसेवक अशी ती सरमिसळ. तुरुंगांत देशभक्त एकत्र आले म्हणजे सर्व काळ बंधुभाव नांदतो अशी समजूत बाहेरच्या लोकांची असते. सरकारनें कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग पाडले होते. एकाला दूध मिळे, दुसऱ्याला मिळत नसे. आणि रुसवेफुगवे, गटबाजी, संशय यांना भिंतींच्या आंत फार लवकर अंकुर फुटतात. त्यांत घरची काळजी. दंड भरला नाहीं म्हणून घरचें सामान गेलें असेल, म्हातारी आई आजारी असेल, बायको माहेरीं गेली असेल. पत्र येईल तेव्हां येईल. माणसाचा माणसावरचा भरंवसा जेथें सहज खचावा अशी ती जागा होती.

२१ फेब्रुवारी १९३२ हा रविवार. त्या दिवशीं विनोबांनीं गीतेच्या पहिल्या अध्यायावर प्रवचन केलें. आणि मग दर रविवारीं एक अध्याय याप्रमाणें १९ जूनपर्यंत, एकही रविवार न चुकतां, अठरा अध्याय पुरे केले. साने गुरुजींनीं हीं सर्व प्रवचनें बोलण्याच्या वेगानें लिहून घेतलीं. ‘गीता प्रवचनें’ या नांवानें पुढें तीं पुस्तकरूपानें आलीं आणि हिंदुस्थानांतील बहुतेक भाषांत गेलीं. पुस्तक हातीं घेणारा वाचक त्यांतील तत्त्वज्ञान पाहतो, आणि तें योग्यच आहे. आम्हांस मात्र त्या अठरा रविवारांच्या नियमाचें मोल अधिक वाटतें. तुरुंगांतल्या माणसाला उद्यांची खात्री नसते; येथें पुढच्या रविवारची खात्री होती. तोच वक्ता येणार, त्याच जागीं बसावयाचें, मागल्या आठवड्यांत जेथें थांबलों तेथून पुढें जावयाचें. अ वर्गाचा आणि क वर्गाचा मनुष्य त्या घटकेला एकाच गोष्टीची वाट पाहत असे.

८ मे रोजीं बारावा अध्याय आला. भक्ति सगुण असावी कीं निर्गुण, हा तेथला विषय. विनोबांनीं तो घरांतल्या माणसांत आणून बसविला. आईला दोन मुलगे आहेत, असें त्यांनीं धरलें. एक जवळ राहून सेवा करणारा, दुसरा दुरून. मग रामायणांतले लक्ष्मण आणि भरत त्यांनीं समोर आणले. लक्ष्मण सावलीसारखा रामाबरोबर गेला. भरत अयोध्येस राहिला, चौदा वर्षें दर्शनावांचून राज्य सांभाळीत. दोघांत कमीजास्त करावयाचें नाहीं, असा विवेचनाचा रोख. त्यानंतर उद्धव आणि अर्जुन यांची जोडी. आतां हें ऐकणारे लोक कोण, हें लक्षांत घेतलें म्हणजे या उदाहरणाचा खरा अर्थ उमगतो. ते सर्व जण आपापल्या माणसांपासून दूर होते. दूर असणें म्हणजे नातें तुटणें, ही भीति प्रत्येकाच्या पोटांत होती. भरताचें दूर असणें हीही भक्तीच, असें ऐकून त्यांतल्या किती जणांनीं रात्रीं भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले असतील, याची नोंद कोठें असणार? विनोबांनीं तें त्यांच्याकरितां म्हणूनच निवडलें असें आम्ही म्हणत नाहीं. विषयच तसा होता. परंतु हेंच प्रवचन एखाद्या मठांत झालें असतें तर त्याचा अर्थ इतका खोल गेला नसता.

विनोबांचें स्वतःचें गीतेशीं असलेलें नातें तर उघडच आईचें होतें. त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांना संस्कृत गीता कळेना, वामन पंडितांची मराठी गीता आणून दिली तीही जड वाटली. तेव्हां त्या मुलाला म्हणाल्या कीं तूंच कां मराठींत करीत नाहींस? मुलगा त्या वेळीं केवळ विद्यार्थी होता. आईनें हें करतां येईल असें मानलें, आणि १९१८ सालीं ती गेली. बारा वर्षांनंतर, ऑक्टोबर १९३० ते फेब्रुवारी १९३१ या अवधींत, विनोबांनीं ‘गीताई’ रचिली. आणि १९३२ सालीं, ते धुळ्याच्या तुरुंगांत असतांनाच, ती छापून निघाली. एका बाईनें मुलावर टाकलेला विश्वास असा चौदा वर्षांनीं फेडला गेला. आत्मविश्वास कोठून येतो यावर आजकाल पुष्कळ पुस्तकें निघतात. त्यांच्या लेखकांनीं हा इतिहास एकदां पाहावा.

आणि लिहून घेणाऱ्याविषयीं दोन शब्द. विनोबांचा स्वभाव गणितीचा, गुरुजींचा भावनेचा. गुरुजींच्या स्वतःच्या लेखनांत अश्रूंना तोटा नाहीं. या प्रवचनांत मात्र आपल्या पदरचा एकही अश्रु त्यांनीं घातल्याचें दिसत नाहीं. अठरा आठवडे दुसऱ्याचा शब्द आपल्या हातांत जसाच्या तसा धरून ठेवणें ही एक साधनाच होती, आणि ती फार अवघड. त्यानंतर आठ महिन्यांनीं, फेब्रुवारी १९३३ मध्यें, नाशिकच्या तुरुंगांत त्यांनीं अवघ्या कांहीं दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. त्याही पुस्तकांत श्याम एकटा आठवणी काढीत बसत नाहीं. रोज रात्रीं आपल्या सोबत्यांना तो गोष्ट सांगतो, आणि सोबती ती ऐकण्यास जमतात. रात्रीमागून रात्र अशी त्या पुस्तकाची मांडणी आणि रविवारामागून रविवार अशी त्या प्रवचनांची मांडणी, यांचा संबंध आहे असें आम्हांस वाटतें, आग्रह नाहीं.

येथें एक कटु गोष्ट सांगणें भाग आहे. सहस्रावधि मुलांना ज्यानें आईवर, मित्रावर, देशावर भरंवसा ठेवावयास शिकविलें, त्या गुरुजींना तो भरंवसा स्वतःपुरता शेवटपर्यंत पुरला नाहीं. मे १९४७ मध्यें पंढरपूरचें मंदिर हरिजनांस खुलें व्हावें म्हणून त्यांनीं उपोषण केलें आणि तें सफल झालें. १५ ऑगस्ट १९४८ रोजीं त्यांनीं ‘साधना’ साप्ताहिक काढलें. आणि ११ जून १९५० रोजीं त्यांनीं स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. साधनेनें मनाचें प्रत्येक दुखणें बरें होतें असें सांगणाऱ्यांनीं हें विसरूं नये. ज्ञानदेवांच्या दारापाशीं मुक्ताबाई होती. गुरुजींचें दार मुलांसाठीं सदैव उघडें असे, पण आंतल्या खोलीची कडी कोणाच्या हातीं त्यांनीं दिली नव्हती, असें त्यांचें चरित्र वाचतांना पुन्हा पुन्हा वाटतें.

आतां आम्ही खानदेशाच्या पश्चिम टोंकास, सातपुड्याच्या पायथ्याशीं येतों. येथें प्रश्न एका घरापुरता नव्हता; एका सबंध समाजाचा होता. १८१८ सालीं हा मुलूख इंग्रजांकडे आला तेव्हां भिल्लांचा बंदोबस्त कसा करावा ही कंपनी सरकारला मोठी विवंचना होती. १८२५ सालीं जेम्स औट्रम या तरुण अंमलदारानें धरणगांवास भिल्लांचीच पलटण उभी केली. त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीस जाऊन, त्यांच्यांत मिसळून, त्यानें त्यांचा विश्वास मिळविला, हें इंग्रज इतिहासकार अभिमानानें सांगतात, आणि तें खोटें नाहीं. पण हा विश्वास साहेबाचा आणि शिपायाचा होता. एका भिल्लाची दुसऱ्या भिल्लाच्या डोळ्यांतील किंमत त्यानें वाढली नाहीं. पुढच्या शंभर वर्षांत जमिनी सावकारांकडे गेल्या, जमिनीचे धनी त्याच जमिनीवर सालदार झाले, आणि दारूनें उरलेंसुरलें नेलें. बाजारांत, कचेरींत, शेतावर, सर्वत्र ‘अरे’ आणि ‘तूं’ हीच त्यांची उपाधि झाली. ज्याला सारें जग अरेतुरे करतें तो घरीं येऊन आपल्या बायकोला काय मान देणार?

अशा वेळीं, १९३७-३८ च्या सुमारास, तळोदें तालुक्यांत मोरवडच्या बाजूस, गुलाम महाराज नांवाच्या भिल्ल पुरुषानें आरती सुरू केली. दारू सोडा, स्नान करून स्वच्छ राहा, एकत्र जमून आरती करा, हा त्यांचा उपदेश. आणि यापर्यंत त्यांत नवें असें कांहीं नाहीं, गुजराथेंत व अन्यत्र आदिवासींत अशा चळवळी त्याआधींही झाल्या होत्या. नवें होतें तें पुढेंच. अनुयायांनीं एकमेकांस ‘आप’ म्हणावें, असा त्यांनीं पाठ घालून दिला. नमस्काराच्या जागीं ‘आपकी जय’. हाच त्यांचा मंत्र झाला, आणि पंथालाही ‘आप’ हेंच नांव पडलें. आरतीस हजारोंनीं लोक लोटूं लागले. १९३८ सालींच गुलाम महाराज वारले. पण त्यांच्यामागें त्यांचे बंधु रामदास महाराज यांनीं तें कार्य चालविलें आणि तो पंथ राहिला.

‘आप’ हा शब्द भिल्ली बोलींतला नव्हे. तो आला दरबारी, सभ्य म्हणविणाऱ्या भाषेंतून, म्हणजे ज्यांच्याकडून यांना कधींच मान मिळाला नाहीं त्यांच्याच भाषेंतून. सतराव्या शतकांत इंग्लंडांत जॉर्ज फॉक्सच्या क्वेकर पंथीयांनींही संबोधनाचेंच शस्त्र उपसलें होतें. मात्र त्यांनीं केलें तें याच्या उलट. न्यायाधीश असो, सरदार असो, सर्वांना ते एकेरी हांक मारीत आणि कोणापुढेंही टोपी काढीत नसत, आणि त्यापायीं त्यांनीं तुरुंगवास भोगला. त्यांनीं वरच्यांस खालीं आणिलें. गुलाम महाराजांनीं खालच्यांस वर नेलें, आणि तेंही वरच्यांकडे कांहींएक न मागतां. सावकारानें आपल्याला ‘आप’ म्हणावें अशी मागणी त्यांनीं केली असती तर ती कोणी ऐकली असती? त्यांनीं भिल्लांना सांगितलें कीं तुम्ही एकमेकांना म्हणा. कोणा राजाची परवानगी त्याला लागत नव्हती. चांगदेवाचा कागद ज्या प्रश्नानें कोरा राहिला त्याचें हें उत्तर एका अक्षरशत्रु माणसांच्या मेळाव्यानें असें काढलें.

या शब्दाचा परिणाम घराच्या आंत काय झाला असेल याची कल्पना करावी. पहांटे स्नान करून आलेला मनुष्य आपल्या बायकोला ‘आप’ म्हणतो. तो शब्द तोंडांत असतांना हात उगारणें कठीण आहे. दारू सुटली म्हणून मारहाण कमी झाली असेल हें तर आहेच. पण दारू सोडण्याची शपथ मोडतां येते, आणि ती चार लोकांना कळतेही उशिरां. संबोधन हें दिवसांतून शंभर वेळां तोंडांत येतें. तें चुकलें तर समोरच्यास तत्काळ कळतें. नेमानें करावयाची साधना म्हणून यापेक्षां बिनचूक योजना आम्हांस तरी दुसरी माहीत नाहीं.

गुलाम महाराजांच्या मागून तीस-पस्तीस वर्षांनीं याच टापूंत, शहाद्याजवळच्या पाडळदें येथील अंबरसिंग सुरतवंती पुढें आले. तेही भिल्ल, भजनी परंपरेंत वाढलेले आणि विनोबांच्या सर्वोदयाच्या कामांतून आलेले. लोक त्यांनाही ‘महाराज’च म्हणत. मे १९७१ मध्यें पाटीलवाडी येथें आदिवासींवर गोळीबार झाला, तेव्हां गांवोगांव फिरून त्यांनीं माणसें जमविलीं. ३० जानेवारी १९७२ रोजीं शहाद्यास भूमुक्ति मेळावा भरला, आणि त्याच वर्षीं श्रमिक संघटना उभी राहिली. गेलेल्या जमिनी परत मागण्याची ही चळवळ होती. तिचे पुष्कळसे कार्यकर्ते शहरांतून आलेले तरुण होते आणि त्यांना भजनांत रस असण्याचें कारण नव्हतें. परंतु लोक त्यांच्याशीं बोलूं लागले ते अंबरसिंग बरोबर होते म्हणून. १९७४ सालीं, अकालींच, अंबरसिंग निवर्तले.

त्याच काळांत, १९७२-७३ मध्यें, शहादें आणि तळोदें तालुक्यांतील आदिवासी बायका जथ्याजथ्यानें गांवोगांव जाऊन दारूचीं मडकीं फोडूं लागल्या. बायकोला मारणाऱ्या पुरुषाच्या दारापुढें त्या सर्व मिळून उभ्या राहत, आणि चार लोकांसमक्ष त्याला जाब विचारीत. त्यांतल्या वयस्क बायकांनीं गुलाम महाराजांची आरती लहानपणीं पाहिली असणें अगदीं शक्य आहे. त्या वेळीं ज्यांना मुलगी म्हणून कोणी तरी पहिल्यानें ‘आप’ म्हटलें असेल, त्याच आतां त्या जथ्यांत पुढें चालत असतील.